पनवेल लोकलमधून उतरलात की २५ मिनिटांत जेवण तयार : काय आहे हा एका कढईतला कोरियन खिमा?

संध्याकाळी सातच्या आसपास सीएसएमटीला पनवेल लोकल पकडली, की हार्बर लाईनवर सव्वा तास तरी जातोच. मानसरोवर गेलं, खांदेश्वर गेलं, की मग पनवेल. पुढे स्टेशनबाहेरची रिक्षाची रांग, मग करंजाडे किंवा नवीन पनवेल. कुलूप उघडेपर्यंत घड्याळात नऊ वाजत आलेले असतात. पोटात कावळे ओरडत असतात आणि ओटा कोरडा असतो.

अशा वेळी तीन पर्याय असतात. ॲपवरून मागवणं, मॅगी टाकणं, नाहीतर सकाळची भाजी गरम करून पोळीसोबत खाणं. गेल्या काही वर्षांत रील्सवर एक चौथा पर्याय सतत दिसायला लागलाय. एक कढई, अर्धा किलो खिमा, चमचाभर लाल पेस्ट, सोया सॉस, वरून तीळ आणि कांद्याची पात. खाली लिहिलेलं असतं, ‘कोरियन स्टाईल खिमा, २० मिनिटांत’.

आता प्रश्न असे पडतात, की हे खरंच कोरियन आहे का? २० मिनिटांत खरंच होतं का? आणि पनवेलच्या बाजारात मिळणाऱ्या सामानात ते जमतं का?

एकेक बघू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू, ही डिश किती कोरियन आहे?

कोरियात ‘बुलगोगी’ नावाचा प्रकार प्रसिद्ध आहे. ‘बुल’ म्हणजे आग आणि ‘गोगी’ म्हणजे मांस. मांसाचे पातळ काप सोया सॉस, साखर, लसूण आणि तिळाच्या तेलात मुरवायचे आणि विस्तवावर भाजायचे, ही त्याची मूळ पद्धत. रील्समधला खिमा म्हणजे याच चवीचा शॉर्टकट. काप करायला नकोत, मुरवत ठेवायला नको. खिमा थेट कढईत टाकायचा आणि तोच सॉस वरून घालायचा. अमेरिकेतल्या घरांमध्ये हा शॉर्टकट खूप चालला आणि तिथून तो इंटरनेटभर पसरला.

पण म्हणून तो अगदीच उपरा आहे असंही नाही. कोरियन घरांमध्ये ‘याक-गोचुजांग’ नावाचा एक प्रकार करतात. त्यात खिमा गोचुजांग नावाच्या लाल पेस्टसोबत परततात, मध आणि तिळाचं तेल घालतात, आणि तो भातावर घेऊन खातात. म्हणजे खिमा, तिखट पेस्ट आणि गरम भात हे त्रिकूट तिकडेही जुनंच आहे.

कोरियात आणि अमेरिकेत या डिशसाठी बहुतेक वेळा गोमांस वापरतात. महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्यापासून बंदी आहे. मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. त्यामुळे इकडे या रेसिपीचा अर्थ चिकन खिमा किंवा मटण खिमा असाच होतो. आणि इथेच रील आणि वास्तव यात फरक पडायला लागतो. तो पुढे येईलच.

कोरिया पनवेलपासून तसा लांब नाही

आपल्याकडे कोरियाची हवा आली ती २०२० नंतर. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘पॅरासाईट’ने ऑस्कर मारला, मग लॉकडाऊन लागला, लोकांनी घरात बसून कोरियन मालिका संपवल्या, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ‘स्क्विड गेम’ आली. पडद्यावरची माणसं सतत काहीतरी गरमागरम खात असतात, त्यामुळे बघणाऱ्यालाही भूक लागली. कोरियन चवीच्या नूडल्स किराणा दुकानापर्यंत पोहोचल्या.

पण त्याच्याही आधीपासून कोरियन कंपन्या महाराष्ट्रात आहेत. एलजीचा कारखाना पुण्याजवळ रांजणगावला आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. आणि ज्या रायगड जिल्ह्यात पनवेल येतं, त्याच जिल्ह्यात माणगाव तालुक्यातल्या विळे भागाड एमआयडीसीत पॉस्को या कोरियन कंपनीचा स्टीलचा कारखाना आहे.

गोचुजांग म्हणजे नेमकं काय?

या डिशचा सगळा जीव या एका पेस्टमध्ये आहे. लाल मिरचीची पूड, चिकट तांदळाचं पीठ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड, सातूचं मोड आणून केलेलं माल्ट आणि मीठ एकत्र करून ती पेस्ट मातीच्या मोठ्या रांजणात काही महिने मुरवत ठेवतात. त्यातून तिखट, गोड, खारट आणि किंचित आंबूस अशी एकत्र चव तयार होते.

कोरियात अशा आंबवलेल्या पेस्ट आणि सॉसना ‘जांग’ म्हणतात. सोया सॉस हासुद्धा जांगच. घरोघरी जांग घालण्याच्या या परंपरेचा समावेश युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

ऐकायला हे परकं वाटतं, पण आगरी-कोळी घरातल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही. उन्हाळ्यात मिरच्या आणायच्या, वाळवायच्या, खडा मसाला भाजायचा, डंकावर कुटून आणायचा आणि बरणीत दाबून वर्षभर पुरवायचा. तिकडे वर्षाचं जांग घालतात, इकडे वर्षाचा मसाला करतात.

अजून एक गंमत म्हणजे मिरची ना कोरियाची, ना कोकणाची. ती मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्याच जहाजांमधून मिरची आपल्या किनाऱ्यावर आली. कोरियात ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर थोड्याच काळात पोहोचली, असं बरेच इतिहासकार मानतात. म्हणजे आज ज्या दोन्ही जेवणांची ओळखच ‘लालभडक’ अशी आहे, त्यांच्याकडे पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी मिरची नव्हतीच.

मग जेवण २० मिनिटांत होतं ते कशामुळे?

कारण वेळखाऊ काम आधीच कोणीतरी करून ठेवलेलं असतं.

मटणाचा रस्सा करायचा तर कांदा-खोबरं भाजा, वाटण वाटा, मसाला परता, मग मांस शिजवा. चव तिथल्या तिथे उभी करावी लागते. गोचुजांग आणि सोया सॉसमध्ये ती चव महिनोन् महिने मुरून बाटलीत बसलेली असते. आंबवताना सोयाबीनमधली प्रथिनं फुटतात आणि ग्लुटामेट मोकळं होतं. रश्शाला जो भरदार, जिभेवर रेंगाळणारा स्वाद असतो, त्यामागे हेच ग्लुटामेट असतं. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ते समुद्री शेवाळाच्या रश्शातून वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं.

दुसरं काम खाटीक करतो. मांस बारीक झालेलं असतं, त्यामुळे उष्णता आत पोहोचायला वेळ लागत नाही.

उरलेलं काम कढई करते, पण एका अटीवर. खिमा उकडता कामा नये, भाजला गेला पाहिजे.

मांस तपकिरी होताना जो खमंग वास सुटतो, त्याला मेलार्ड प्रक्रिया म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मेलार्ड यांनी १९१२ मध्ये ती मांडली. ती जोरात चालायला साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णता लागते. पाणी मात्र १०० अंशांना उकळतं. म्हणजे कढईत जोपर्यंत पाणी आहे, तोपर्यंत खिमा १०० च्या वर जातच नाही आणि पांढरट, गुळगुळीत गोळे होऊन बसतो. घरी केलेला खिमा हॉटेलसारखा लागत नाही, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी खिमा, मग लसूण-आलं, सॉस सगळ्यात शेवटी. सॉस आधी घातला तर पाणी वाढतं आणि त्यातला गूळ तळाला करपतो.

खिमा घेताना काय बघायचं?

रील्समध्ये हा भाग नसतो, पण सगळ्यात जास्त काळजी इथेच घ्यायची असते.

अख्ख्या मांसाच्या तुकड्यावर जंतू असले तर ते मुख्यतः वरच्या पृष्ठभागावर असतात आणि तो भाग भाजला की मरतात. खिमा करताना हाच पृष्ठभाग आत मिसळला जातो. त्यामुळे खिमा आतपर्यंत पूर्ण शिजवावाच लागतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने ठरवलेलं प्रमाण असं आहे, मटणाच्या खिम्यासाठी ७१ अंश सेल्सिअस आणि चिकनच्या खिम्यासाठी ७४ अंश. नुसता रंग बदलला म्हणजे शिजला असं नसतं. घरात थर्मामीटर नसेल तर साधा नियम ठेवा. पाणी पूर्ण आटलं पाहिजे, एकही गोळा आतून ओला राहता कामा नये आणि सॉस घातल्यावर दोन-तीन मिनिटं सगळं रटरटलं पाहिजे.

दुकानात या तीन गोष्टी सांगा.

एक, आधी तुकडा निवडा आणि डोळ्यांसमोर खिमा करून घ्या.

दोन, मांस धुवायचं असेल तर ते खिमा करण्याआधीच धुवून घ्यायला सांगा. खिमा झाल्यावर धुतला की तो स्पंजसारखा पाणी धरतो आणि मग कढईत भाजला जात नाही.

तीन, मटण घेत असाल तर मशीनमधून दोनदा काढायला सांगा. हाताने कापलेला जाडसर खिमा चवीला उत्तम, पण त्याला वेळ लागतो.

सकाळी खिमा घेऊन संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवणं तर नकोच. पनवेलच्या दमट हवेत ते महागात पडतं. घेतल्यावर लगेच फ्रिजमध्ये, आणि एक-दोन दिवसांत वापरला नाही तर फ्रीजरमध्ये. फ्रीजरमधला खिमा कामाला निघताना खालच्या कप्प्यात काढून ठेवला, की रात्रीपर्यंत सुटतो.

आता कृती, चार जणांसाठी

खिमा अर्धा किलो. सोया सॉस २ मोठे चमचे, गोचुजांग १ मोठा चमचा, किसलेला गूळ दीड चमचा, व्हिनेगर १ छोटा चमचा. लसणाच्या ६-७ पाकळ्या, आल्याचा इंचभर तुकडा. एक कांदा, एक गाजर, वाटीभर चिरलेला कोबी. पातीचा कांदा ४-५ काड्या. भाजलेले तीळ १ चमचा. तेल १ चमचा. मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा.

भात आधी लावा. कुकरची शिट्टी होईपर्यंत इकडचं काम उरकतं.

पहिली पाच मिनिटं : कांदा, गाजर, लसूण, आलं चिरून घ्या. सोया सॉस, गोचुजांग, गूळ आणि व्हिनेगर एका वाटीत कालवून बाजूला ठेवा.

पुढची आठ-दहा मिनिटं : लोखंडी कढई चांगली तापवा, तेल घाला आणि खिमा पसरून टाका. दोन मिनिटं हलवू नका. खालची बाजू तपकिरी झाली की उलथन्याने फोडा. पाणी सुटेल, ते मोठ्या आचेवर आटू द्या. कढई लहान असेल तर खिमा दोन वेळा करून भाजा, एकदम गर्दी केली की उकडलाच म्हणून समजा. पॅन नॉनस्टिक असेल तर तो रिकामा तापवत ठेवू नका, आच मध्यम ठेवा.

पुढची चार मिनिटं : खिमा बाजूला सारा, मोकळ्या जागेत कांदा, लसूण, आलं परता. मग गाजर आणि कोबी. भाजी कुरकुरीत राहिली पाहिजे.

शेवटची तीन मिनिटं : वाटीतला सॉस घाला. खिम्याला चकाकी आली की गॅस बंद. वरून पात आणि तीळ.

चिकन खिम्याचं हे गणित २०-२५ मिनिटांत बसतं. मटणाचा खिमा मात्र इतक्या वेळात चिवट राहू शकतो. त्यासाठी तो भाजून झाल्यावर अर्धी वाटी गरम पाणी घालून १५ मिनिटं झाकण ठेवा, पाणी आटवा, आणि मगच भाजी व सॉस. म्हणजे मटणाला ४० मिनिटं धरा.

गोचुजांग नसेल तर?

मोठ्या सुपरमार्केटमध्ये आणि ऑनलाईन ते मिळतं. पण एकदाच करून बघायचं असेल तर डबा घेऊन ठेवायची गरज नाही. चार-पाच ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवा, लसणाची एक पाकळी, थोडा गूळ, चमचाभर शिजलेला भात आणि अर्धा चमचा सोया सॉस घालून वाटा. भातामुळे चिकटपणा येतो. मुरलेली चव येणार नाही, पण रंग आणि गोड-तिखटपणा जमून जातो.

कोरियन स्वयंपाकातलं तिळाचं तेल हे भाजलेल्या तिळाचं असतं, म्हणून त्याला एवढा वास असतो. आपल्याकडचं साधं तीळ तेल तसं नसतं. ते मिळालं नाही तर तीळ खमंग भाजून, खलबत्त्यात जाडसर कुटून वरून घाला. काम होतं.

गरम मसाला किंवा आगरी मसाला घालायचा मोह आवरा. घातला तर खिमा छानच लागेल, पण तो आपला नेहमीचा खिमा होईल.

भात कोणता?

कोरियन भात आखूड दाण्याचा आणि चिकट असतो, बासमती इथे चालत नाही. यासाठी इंद्रायणी तांदूळ चपखल बसतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने ही जात १९८७ मध्ये आणली. तो मऊ होतो, दाणे एकमेकांना धरून राहतात आणि सॉस सगळीकडे लागतो.

भात नको असेल तर तांदळाची भाकरीही चालते. कोरियात मांस पानात गुंडाळून खातात, त्याला ‘स्साम’ म्हणतात. कोबीचं कोवळं पान घेऊन तेही करता येतं.

मीठ घालू नका, खरंच

या डिशमध्ये एक धोका लपलेला आहे आणि तो मिठाचा आहे. एका मोठ्या चमचा सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलीग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २००० मिलीग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते, म्हणजे जेमतेम ५ ग्रॅम मीठ. वरच्या प्रमाणात सोया सॉस आणि गोचुजांग मिळून माणशी ५०० ते ६०० मिलीग्रॅम सोडियम होतं. एकाच जेवणात दिवसाच्या कोट्याचा पाव हिस्सा संपला. त्यात मीठ, लोणचं आणि पापड आला तर विषयच संपला. घरात कोणाला बीपी असेल तर सोया सॉस एकच चमचा घाला, बाकीची चव लसूण आणि व्हिनेगरने भरून काढा. सोयाची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र ही डिश टाळलेलीच बरी.

श्रावणात काय करायचं?

सोया खिमा. गरम पाण्यात भिजवा, घट्ट पिळा आणि वरच्याच क्रमाने परता. पिळण्यात आळस केला की इथेही तोच पाण्याचा घोटाळा होतो.

आणि सोयाबीन काही कोरियाहून आणायला नको. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही देशातली सोयाबीन पिकवणारी दोन मोठी राज्यं आहेत. लातूरपासून विदर्भापर्यंत शिवारं त्याने भरलेली असतात. आपल्याकडे त्यातलं बहुतेक पीक तेल काढायला जातं आणि उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे चिकन खिमा केला तरी सोयाबीन चुकत नाही.

उरलं तर डब्यात चालेल?

चालेल, पण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, कडक उन्हाळ्यात एका तासात. भातालाही हाच नियम, कारण बाहेर राहिलेल्या भातात वाढणाऱ्या जंतूंचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. लोखंडी कढईत खिमा तसाच ठेवू नका, व्हिनेगरमुळे धातूची चव उतरते. सकाळी वाफ येईपर्यंत गरम करा, दोन दिवसांत संपवा.

आता थोडं कढईबाहेरचं गणित

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, देशात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. आणि मुळात घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची संख्याच खूप कमी आहे.

नऊ वाजता लोकलमधून नवरा-बायको दोघंही दमूनच उतरलेले असतात. पण ओट्याकडे कोणी जायचं हे बहुतेक घरांत ठरलेलं असतं. एका कढईच्या जेवणाचा खरा उपयोग इथे आहे. यात वाटण नाही, पोळ्या लाटायच्या नाहीत, मसाल्याचा ‘हातचा अंदाज’ नाही. मोजून घ्यायचे चार चमचे आणि पाळायचा एक क्रम. नंतर घासायला एक कढई, एक कुकर आणि ताटं.

म्हणजे ‘मला स्वयंपाक येत नाही’ हे कारण या डिशपुढे टिकत नाही. जो आधी घरी पोहोचेल, त्याने कुकर लावावा आणि कढई तापत ठेवावी.